निष्क्रिय परवान्याची डॉक्टर

ऐली तुओमेलाच्या दवाखान्यात मी सव्वीस वर्षं काउंटर सांभाळला. आमचं गाव रेडस्टोन, लेक सुपीरियर या अफाट तळ्याच्या काठावरचं. एके काळी खाणीचं, आता पेन्शनरांचं. इथे माणसाचे पाय लवकर खराब होतात. अर्धं वर्ष जाड बुटांत आणि ओल्या मोज्यांत जातं, आणि उरलेलं अर्धं वर्ष लोक उन्हाळा आला या आनंदात कुठेही अनवाणी फिरतात. ऐली फक्त पायांची डॉक्टर. गुडघा दाखवायला आलेल्याला ती दारातूनच परत पाठवायची, पण घोट्याखालचं सगळं तिचं: कुरुपं, भोवऱ्या, आत वाढलेली नखं, मोडलेली बोटं, साखरेच्या आजाराने बधिर झालेले तळवे. चार वर्षं पायांच्या कॉलेजात आणि वर दोन वर्षं डेट्रॉईटच्या एका हॉस्पिटलात उमेदवारी करून ती गावी परत आली होती. आताच्या मुलांना उमेदवारीची तीन वर्षं करावी लागतात, हे ती अधूनमधून सांगायची, आणि तिसऱ्या वर्षात असं काय शिकवतात ते कुणीतरी मला सांगा, असंही म्हणायची. दवाखान्यात मी तिला डॉक्टर म्हणायची. दाराला कुलूप लागलं की ऐली.

कागदपत्रं माझ्याकडे. परवान्याचं नूतनीकरण दर तीन वर्षांनी, आणि दर वेळी दीडशे तासांचं नवं शिक्षण घेतल्याचा पुरावा द्यायचा. ऐली व्याख्यानांना जायची, मन लावून ऐकायची आणि प्रमाणपत्र गाडीच्या सीटखाली टाकून द्यायची. शिक्षण तिचं होतं, पण सीटखाली हात घालून ते बाहेर काढणारी मी.

सहा वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याच्या, वॉल्टरच्या, डोक्यात वाळवंटातलं ॲरिझोना शिरलं. वॉल्टरने चाळीस वर्षं सरकारी गाडीवर बसून रस्त्यावरचा बर्फ ढकलला होता. त्याचं म्हणणं एवढंच, की उरलेलं आयुष्य बर्फ न बघता जावं. ऐली तेव्हा अठ्ठावन्नची. तिने दवाखाना दक्षिणेकडून आलेल्या एका तरुण डॉक्टरला विकला. त्याच महिन्यात नूतनीकरणाचा अर्ज आला. त्यावर तीन चौकोन होते: परवाना चालू ठेवायचा, कायमचा सोडायचा, की निष्क्रिय करायचा. मी तिसऱ्यावर बोट ठेवलं. निष्क्रिय परवान्याला शिक्षणाचे तास लागत नाहीत, फी नावापुरती, आणि परवाना मरत नाही, झोपून राहतो. मनात आलं तर नियम पाळून परत उठवता येतो. मात्र तो झोपलेला असेतोवर राज्यात कुणाच्याही पायावर उपचार करायचा नाही, पैसे घेऊन नाही आणि फुकटही नाही.

ऐलीला तो शब्दच झोंबला. "जन्मात मला कुणी निष्क्रिय म्हटलं नव्हतं," ती म्हणाली, "आणि आता मीच खाली सही करून म्हणतेय." पण सही केली.

ॲरिझोनात त्यांनी दोन हिवाळे काढले. दुसऱ्या हिवाळ्यात वॉल्टर रोज सकाळी फोनवर रेडस्टोनला किती बर्फ पडला ते बघायचा आणि दिवसभर उदास राहायचा. त्याच्या जागी आलेल्या माणसाला वळणावर गाडी नीट घालता येत नाही, अशी त्याची खात्री होती. तिसऱ्या वर्षी दोघं मुकाट्याने परत आली. कुणी त्यांना काही विचारलं नाही. म्हणजे तोंडावर नाही.

तोवर इकडे तो तरुण डॉक्टर एकच हिवाळा काढून पळाला होता. दवाखान्याच्या जागेत कुत्र्यांना अंघोळ घालणारं दुकान आलं होतं. त्यामुळे रेडस्टोनमध्ये कुत्र्यांची नखं वेळ ठरवून व्यवस्थित कापली जात होती आणि माणसं नखासाठी नव्वद मैलांवर थिओ लाबेलकडे जात होती. थिओ आमचाच, विद्यार्थी असताना महिनाभर ऐलीच्या हाताखाली शिकून गेलेला. आता मोठ्या हॉस्पिटलात पायांचा विभाग तो बघत होता.

नव्वद मैल जायचा लोकांना कंटाळा. ऐली परत आलीये म्हटल्यावर ते तिला गाठायला लागले. चर्चच्या तळघरात कॉफी घेताना कुणीतरी बूट काढायचं. किराणा दुकानात, गोठवलेल्या मटारांपाशी, मिसेस हालोनेनने मोजा उतरवला होता, ते मी डोळ्यांनी पाहिलं. ऐली प्रत्येकाला तेच सांगायची, की माझा परवाना निष्क्रिय आहे, थिओकडे जा. सॉनात, म्हणजे गरम वाफेच्या खोलीत, फार पंचाईत व्हायची. शनिवारी आम्ही बायका सॉनात बसतो, आणि वरच्या फळीवरच्यांचे पाय खालच्या फळीवरच्यांच्या नाकासमोर येतात. ऐली उष्णता सोसत मुद्दाम सगळ्यांत वर बसायला लागली, कुणाचे पाय दिसू नयेत म्हणून.

आता आर्वोचं सांगते.

आर्वो कुयाला त्यांच्यापासून तिसऱ्या घरात राहतो. बंदरावर लोखंडाच्या मालाची चढउतार करण्यात त्याचं आयुष्य गेलं. बायको वारलेली, स्वतः एकोणऐंशीचा, रक्तात साखर, आणि डॉक्टर म्हटलं की कपाळाला आठ्या. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये वादळ आलं आणि दोन दिवस सगळे रस्ते बंद झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी आर्वोने वॉल्टरला फोन केला. बर्फ उडवायच्या मशीनचा पट्टा तुटला होता, वॉल्टरकडे जादा आहे का विचारायला. बोलता बोलता म्हणाला, की मी स्वतःच आलो असतो, पण अंगठा जरा सुजलाय, बूट चढत नाही.

वॉल्टरने हे ऐलीला सांगितलं. ऐलीने फोन हातातून घेतला आणि सरळ विचारायला लागली. रंग कसा आहे, पू आहे का, ताप आहे का, लाल रेघ पावलावर चढलीये का. रेघ चढली होती. तिने हॉस्पिटलला फोन लावला. त्यांनी सांगितलं की रस्ता मोकळा व्हायला उद्याची सकाळ उजाडेल, हेलिकॉप्टर या वाऱ्यात उडणार नाही. मग तिने मला फोन केला, कारण मी आर्वोच्या समोर राहते. "व्हर्ना," ती म्हणाली, "आर्वोकडे जा आणि कॉफीच्या भांड्यात पाणी उकळायला ठेव. भांडं आधी घास. त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस."

ती आली तेव्हा कमरेपर्यंत बर्फाने भरली होती, मागे वॉल्टर फावडं घेऊन. पिशवीत तिची जुनी हत्यारं. बधिर करायचं औषध नव्हतं. ते परवान्यासोबतच गेलं होतं. तिने आर्वोला तेवढं स्पष्ट सांगितलं, की दुखेल. आर्वो म्हणाला, बंदरावर पायावर साखळदंड पडला होता तेव्हाही दुखलं होतं. मी त्याची पोटरी मांडीवर घट्ट धरून बसले, वॉल्टरने दिवा धरला, आणि ऐलीने आत घुसलेली नखाची कड कापून काढली. पू बाहेर आला. आर्वोने त्या सगळ्या वेळात एकोणीसशे चौसष्ट सालच्या हॉकीच्या सामन्याचं वर्णन केलं, फक्त दोन ठिकाणी आवाज चढला. दुसऱ्या दिवशी रस्ता उघडला, वॉल्टरने त्याला हॉस्पिटलात नेलं. तिथे त्याला सलाईनमधून औषधं दिली, चार दिवस ठेवून घेतलं आणि सांगितलं, की अजून थोडा उशीर झाला असता तर अंगठा गेला असता, कदाचित अर्धं पाऊलही.

घरी आल्यावर त्याने जखमेची पट्टी बदलायला पुन्हा नव्वद मैल जायचं साफ नाकारलं. मग ऐली गेली. एक दिवसाआड, तीन वेळा. पुढच्या आठवड्यात तिच्या दाराच्या कडीला कागदात गुंडाळलेला मासा लटकत होता, धुरावर भाजलेला, आर्वोच्या स्वतःच्या धुरघरातला. ऐली-वॉल्टरने तो दोन दिवस पुरवून खाल्ला. मलाही शेपटीकडचा तुकडा मिळाला.

एवढं होऊन वर्ष उलटून गेलं आणि कुणी त्याचा विचारही केला नाही.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, आरोग्य खात्याने जुन्या शाळेच्या खोलीत आठवड्यातून तीन दिवस पायांचा दवाखाना सुरू करायचं ठरवलं. पैसे मंजूर झाले, खुर्ची आली, डॉक्टर काही येईना. जाहिरात चार महिने पेपरात येत राहिली. ऐली ती रोज नाश्त्याला मोठ्याने वाचायची. शेवटी वॉल्टर म्हणाला, तू अर्ज कर, म्हणजे मला टोस्ट तरी शांतपणे खाता येईल.

मी परवाने देणाऱ्या राज्य मंडळाच्या कार्यालयात फोन करून नियम विचारले. परवाना निष्क्रिय होऊन तीन वर्षांच्या वर काळ गेला असेल तर दीडशे तासांचं शिक्षण ताजं हवं, कायद्याची लेखी परीक्षा पुन्हा द्यायची, आणि त्यानंतर तीन महिने चालू परवान्याच्या डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करायचं. ऐलीने हे ऐकलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावरून फळांची टोपली उचलून बाजूला ठेवली. त्या जागी कॉम्प्युटर आला. नोव्हेंबर ते मार्च ती शिकत होती. नवी जंतुनाशकं, नव्या पट्ट्या, हाडं जुळवायचे नवे स्क्रू. मधेच फोन करून मला सांगायची, की व्हर्ना, आपण वीस वर्षं भोवऱ्यांवर जे लावत होतो ते आता कुणी लावत नाही. तिसऱ्या वर्षात काय शिकवतात ते तिला आता कळत होतं, आणि कळल्यावर तिने तो विषय काढणं बंद केलं. वॉल्टर कायद्याचे प्रश्न कार्डांवर लिहून तिची परीक्षा घ्यायचा. तिच्याआधी त्याचेच पाठ झाले. खरी परीक्षा तिने पहिल्या झटक्यात काढली.

उरला अर्ज. तो भरायला मी त्यांच्याकडे गेले, कारण ऐलीने भरला असता तर तारखेच्या जागी पत्ता आला असता. सहा पानं होती. मी विचारायची, ती उत्तर द्यायची, मी खूण करायची. दुसऱ्या राज्यात कारवाई झाली आहे का? नाही. गुन्हा? नाही. व्यसन? वॉल्टर म्हणाला, कॉफी लिही. अकरावा प्रश्न असा होता: परवाना निष्क्रिय असताना या राज्यात आपण कुणाच्याही पायावर कोणत्याही स्वरूपाचा उपचार केला आहे का? माझं पेन सवयीने 'नाही'कडे निघालं होतं.

"थांब," ऐली म्हणाली.

मी थांबले. तिला काय आठवलं ते मला कळलं होतं, आणि ते मलाही आठवलं होतं.

"होय वर कर."

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, ऐली, ते वादळात होतं, रस्ते बंद होते, त्याला उपचार म्हणत नाहीत, मदत म्हणतात. ती म्हणाली, पहिल्या दिवशीची मदत होती. नंतरच्या तीन पट्ट्या काय होत्या? वॉल्टर म्हणाला, त्या चार भिंतींच्या आत आपण चौघं होतो आणि चौघांपैकी कुणी बोलणार नाही. त्याने आर्वोलाही फोन लावला. आर्वो पाच मिनिटांत हजर झाला आणि म्हणाला, मी बायबलवर हात ठेवून सांगतो की माझा अंगठा आपोआप बरा झाला.

ऐलीने आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मी परत कशासाठी जातेय?" तिने विचारलं. "लोकांना सांगायला, की पाय लपवू नका, दाखवा. आणि पहिल्याच कागदावर मी लपवू?"

आर्वो म्हणाला, "परवाना नाही दिला तर?"

"नाही दिला तर नाही दिला. मग मी कुत्र्यांच्या दुकानात नोकरी धरेन."

मी 'होय'वर खूण केली. खाली खुलाशासाठी चार ओळींची जागा होती. ऐलीने वेगळे दोन कागद जोडले. त्यात वादळ लिहिलं, कॉफीचं भांडं लिहिलं, तीन पट्ट्या तारखांसकट लिहिल्या, आणि मी नको नको म्हणत असताना मासाही लिहिला.

पाच आठवड्यांनी पत्र आलं. मंडळासमोर स्वतः हजर राहा.

राज्याची राजधानी आमच्यापासून सात तासांवर, सामुद्रधुनीवरचा मोठा पूल ओलांडून खाली दक्षिणेला. वॉल्टरने गाडी काढली, ऐली पुढे, मी मागे फाइल घेऊन. आर्वोला कुणी बोलावलं नव्हतं. तो इस्त्रीचा शर्ट घालून सकाळी सहा वाजता गाडीशेजारी उभा होता. त्याने मांस-बटाट्याच्या आठ पेस्ट्या आणल्या होत्या, तेव्हा त्याला नाही म्हणणं अवघड होतं. वाटभर तो मला विचारत राहिला, की अंगठा बघायचा म्हणाले तर मोजा आधी काढायचा की नंतर. पुलावर ऐली म्हणाली, की सव्वीस वर्षांत एक तक्रार नव्हती माझ्यावर.

सभागृह म्हणजे एक साधी लांब खोली. समोर मंडळाचे सात जण. पायांचे पाच डॉक्टर आणि दोन बाहेरची माणसं, त्यांतला एक ग्रंथपाल. अध्यक्ष डॉक्टर ग्रीअर नावाच्या बाई, पांढरे केस बारीक कापलेले, चष्मा नाकाच्या टोकावर. आमच्याआधी एका गृहस्थाची सुनावणी होती. त्याने शिक्षणाच्या तासांची प्रमाणपत्रं घरी छापली होती आणि त्यांतलं एक फेब्रुवारीच्या तीस तारखेचं होतं. डॉक्टर ग्रीअरनी त्याला ज्या आवाजात तारीख वाचायला लावली तो ऐकून मी फाइल उघडून आमच्या तारखा पुन्हा तपासल्या.

मग ऐलीचं नाव पुकारलं. तिने सगळं पुन्हा सांगितलं, उभं राहून, एकही शब्द गाळला नाही. ग्रंथपालांनी विचारलं, मासा केवढा होता. ऐलीने हात लांब करून दाखवला. आर्वो मागून म्हणाला, त्याहून मोठा होता. डॉक्टर ग्रीअरनी मान वर केली आणि हे कोण म्हणून विचारलं. आर्वो उठला, म्हणाला, मी तो अंगठा, आणि मोजा काढायला वाकला. त्यांनी त्याला बसायला सांगितलं. मग एका तरुण सदस्याने मुद्दा काढला, की आणीबाणीत मोबदला न घेता केलेली मदत कायद्याला मान्य आहे, पण मासा हा मोबदला धरायचा का? दुसरा म्हणाला, मासा आठवड्याने आला, आधी ठरला नव्हता, तेव्हा भेट धरावी. तिसऱ्याने विचारलं, धुरावर भाजलेला की ताजा, त्याने काही फरक पडतो का. दहा मिनिटं हे चाललं. माझा जीव जरा भांड्यात पडायला लागला होता.

"माशाचं राहू द्या," डॉक्टर ग्रीअर म्हणाल्या. "वादळाच्या दिवशी तुम्ही जे केलंत त्याबद्दल मला प्रश्न नाही. मी पट्ट्यांबद्दल विचारते. तेव्हा रस्ता उघडा होता. तुमच्या नवऱ्याकडे गाडी होती. तुम्ही रुग्णाला हॉस्पिटलात का नेलं नाहीत?"

मी मनात उत्तरं जुळवत होते. म्हातारा हट्टी, थंडी भयंकर, डॉक्टरांची वेळ मिळत नव्हती. यातलं प्रत्येक खरं होतं.

ऐलीने चष्मा काढला. मग म्हणाली, "न्यायला हवं होतं. त्याने नाही म्हटलं आणि मी फार आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं तो नाही म्हणाला ते. चार वर्षं मी कुणाच्या पायाला हात लावला नव्हता. मला ती जखम भरताना बघायची होती. म्हणून गेले. ते चुकलं."

वॉल्टरने माझ्याशेजारी बसल्या बसल्या खिशातला रुमाल काढला आणि नुसता हातात धरून ठेवला. त्याला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. बाकावर बसून आर्वोने सगळ्यांना पेस्ट्या वाटल्या, दारावरच्या रखवालदारालाही. ऐलीने तिची पूर्ण खाल्ली. मी माझी कागदात गुंडाळून ठेवली. अर्ध्या तासाने आत बोलावलं आणि डॉक्टर ग्रीअरनी निर्णय वाचला. तीन पट्ट्यांबद्दल लेखी ताकीद, जी कायम नोंदीत राहील आणि कुणालाही वाचता येईल. नीतिनियमांचं आणखी आठ तासांचं शिक्षण. देखरेखीखालचं काम तीन महिन्यांऐवजी सहा महिने. ते समाधानकारक झालं की परवाना चालू.

कागद खाली ठेवून त्या पुढे म्हणाल्या, "अकरावा प्रश्न मी स्वतः अर्जात घालून घेतला, नऊ वर्षांपूर्वी. आजवर त्यावर 'होय' म्हणणारा अर्ज माझ्यासमोर आला नव्हता. मला वाटायला लागलं होतं, की लोक तो वाचतच नाहीत."

ऐली म्हणाली, "माझी सेक्रेटरी वाचते." सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले आणि मी लाजून फाइल छातीशी धरली.

परतीच्या वाटेवर ऐलीने पुलापर्यंत गाणी म्हटली. तिला गाता येत नाही. आम्ही कुणी अडवलं नाही.

देखरेखीसाठी थिओशिवाय कोण असणार? त्याने आनंदाने होकार दिला आणि पहिल्या दिवशी घाबरून गेला. आठवड्यातून तीन दिवस वॉल्टर तिला नव्वद मैल न्यायचा आणि दिवसभर हॉस्पिटलाच्या वाहनतळावर गाड्या लावणाऱ्यांना सूचना करायचा. थिओने प्रत्येक रुग्णाला ऐलीसोबत बघायचं, तिचं काम तपासायचं आणि आठवड्याच्या शेवटी मंडळाच्या कागदावर शेरा लिहायचा. पहिल्या आठवड्याला त्याने सगळीकडे 'उत्तम' लिहिलं. ऐलीने तो कागद त्याला परत दिला.

"थिओ, तू शिकायला आला होतास तेव्हा मी तुझ्याबद्दल काय लिहिलं होतं?"

"चिमटा चमच्यासारखा धरतो, असं लिहिलं होतं, डॉक्टर."

"मग? तू चिमटा धरायला शिकलास ना? आता नीट लिही. मी इथे लाड करून घ्यायला येत नाही."

दुसऱ्या आठवड्याला त्याने लिहिलं: हात उत्तम, निदान उत्तम, कॉम्प्युटरवरच्या नोंदी अपुऱ्या, जुन्या पद्धतीच्या पट्टीचा मोह सुटत नाही. ऐली घरी येऊन तासभर कुरकुरली आणि मग मला तो शेरा फोनवर वाचून दाखवताना हसत सुटली. पुढे त्यांचं जमलं. तिला नखाच्या मुळाशी औषध लावायची नवी रीत तो शिकवायचा, ती त्याला जाड फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा कात्रीने असा कापून द्यायची की टाचेवरचा भार नेमका हवा तिथून सरकावा. ते त्याला कॉलेजात कुणी दाखवलं नव्हतं. चौथ्या महिन्यात तो स्वतःच्या विद्यार्थ्यांना तिच्या खोलीत पाठवायला लागला. पाचव्यात 'नोंदी समाधानकारक' असा शेरा आला आणि त्या दिवशी वॉल्टरने वाटेत आइस्क्रीमसाठी गाडी थांबवली.

सहा महिने संपल्यावर बारा दिवसांनी परवाना चालू झाल्याचं कळलं. पाकीट नाही, शिक्का नाही. कॉम्प्युटरवर एक हिरवा शब्द. ताकीद त्याच्याच खाली होती, ज्याला वाचायची त्याला वाचता येईल अशी. ऐलीने ती उघडून पूर्ण वाचली आणि म्हणाली, भाषा स्वच्छ आहे, एकही शब्द जास्त नाही.

जुन्या शाळेतला दवाखाना डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी उघडला. मी पुन्हा काउंटरवर बसले. निवृत्तीनंतर मला घरी काही करमत होतं अशातला भाग नव्हता. आठला दार उघडायचं होतं, पावणेआठला व्हरांड्यात नऊ माणसं उभी होती आणि काहींनी आधीच बूट काढून हातात घेतले होते. पहिली बाई मला अनोळखी होती, शाळेची बस चालवणारी, पलीकडच्या गावाची. तिने सांगितलं, की वर्षभर डाव्या तळव्यात काच असल्यासारखं टोचतंय आणि ब्रेक दाबताना डोळ्यांत पाणी येतं, पण मुलं गाडीत असतात म्हणून ओरडता येत नाही. ऐलीने तिला खुर्चीत बसवलं, पाय दोन्ही हातांत घेतला आणि डोळे मिटून अंगठ्याने तळवा चाचपत गेली. एका जागी थांबली. बाई म्हणाली, तिथेच.

"वर्षभर?" ऐली म्हणाली. "आणि दाखवायला आज आलीस?"

पाच वाजेपर्यंत चोवीस पाय झाले. शेवटचा माणूस गेल्यावर ऐली आतून बाहेर आली, माझ्या टेबलावर टेकली आणि उद्याची यादी मागितली. मी म्हटलं, उद्या दवाखाना बंद, आता परवा. मग परवाची दे, ती म्हणाली. सतरा नावं होती. तिने चष्मा लावून ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि साखरवाल्यांना सकाळी आधी घे म्हणून पेन्सिलीने त्यांच्यापुढे खुणा करायला बसली.